चूलबंद आवतण

लग्नकार्याचे आवतण आपल्याकडे दोन तऱ्हांचे असते. घरटी एका माणसाला बोलावले तर ते साधे आवतण. साऱ्या घरादाराला बोलावले, त्या दिवशी त्या घरात चूल पेटता कामा नये असे बजावून बोलावले, तर ते चूलबंद. चूलबंद आवतण नाकारता येत नाही. नाकारणे म्हणजे जेवण नाकारणे नव्हे, नाते नाकारणे होय. म्हणूनच ते स्वीकारणारा माणूस यजमानाला कसलाही प्रश्न विचारत नाही. तांदूळ किती आणला, आचारी कोण, पंगतीला पाणी पुरेल काय, याची चौकशी करणे असभ्यपणाचे ठरते. ग्रामीण समाजाची घडी अशा विनाचौकशीच्या विश्वासावर बसलेली आहे आणि ती वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही.

या विश्वासाचे भांडवल करणारा एक नवा व्यापार आता मोबाइलच्या पडद्यावर उभा राहिला आहे. बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या खरेदी-विक्रीचे नवे बाजार उघडताना त्यांचे चालक अनेकदा असे जाहीर करतात की, हा बाजार सर्वांसाठी खुला नाही, तो केवळ निमंत्रितांसाठी आहे. आत जायचे तर आधीच्या सभासदाकडून मिळालेला सांकेतिक क्रमांक, म्हणजे ‘कोड’, हवा. प्रत्येक सभासदाला असे मोजकेच कोड मिळतात आणि ते अमुक दिवसांत वापरले नाहीत तर वाया जातात. दार बंद असल्याची दवंडी पिटून दाराशी गर्दी जमवायची, असा हा उफराटा प्रकार आहे.

असे निमंत्रण साखरखेर्ड्यात कसे पोहोचेल, याची कल्पना करणे अवघड नाही. सिंदखेड राजा तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे ते १७२४ च्या ऑक्टोबरमधील लढाईमुळे. निजाम-उल्मुल्कने मुबारिजखानाचा येथे पाडाव केला आणि दक्षिणेतील पुढच्या सव्वादोनशे वर्षांच्या राजवटीचा पाया घातला. आजचे साखरखेर्डे सोयाबीन आणि कपाशीवर जगते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याच्या हाती त्याहून कमीच पडत होते. समजा, अशा एका शेतकऱ्याला दिवाळीनंतर त्याच्या साडूचा निरोप येतो : ‘माझ्याकडे दोनच कोड उरले आहेत, एक तुमच्यासाठी ठेवला आहे.’ हा साडू कोणी ठग नाही. तो माध्यमिक शाळेत शिक्षक असेल, कृषी सेवा केंद्र चालवत असेल, पतसंस्थेचा पिग्मी एजंट असेल. त्याने स्वतः पैसे घातले आहेत आणि पडद्यावर ते वाढलेले त्याला दिसत आहेत. आपल्या माणसाचे भले व्हावे ही त्याची इच्छाही खरी आहे. या साऱ्या व्यवहारात खोटे एकच आहे, ते म्हणजे कोडची टंचाई. कोड छापायला कागदसुद्धा लागत नाही. ते हवे तितके काढता येतात. सोयाबीनचा भाव पाडायला मुबलक आवक हवी असते, कोडचा भाव वाढवायला आवक कमी असल्याचा नुसता देखावा पुरतो.

बाजार काढणाऱ्याला यातून काय साधते? कोणताही नवा बाजार सुरुवातीला ओस असतो. विकणारा आला तर घेणारा नसतो. घेणारा आला तर त्याला वाजवी भाव मिळत नाही, आणि एकदा रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आठवडी बाजार नव्याने भरवू पाहणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीला हा अनुभव आहे. ही कोंडी फोडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, जाहिरातीवर आणि सवलतींवर अमाप पैसा ओतायचा. दुसरा, आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकालाच दलाल करायचे. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, कारण त्या दलालाला पगार नसतो. शिवाय जाहिरातीत जे विकत मिळत नाही ते हा दलाल आपल्या घरून घेऊन येतो. वीस वर्षांचा शेजार, सोयरीक, उसनवारीत पाळलेला शब्द, हे सारे तो व्याजाशिवाय कंपनीच्या खात्यावर जमा करतो. कंपनीच्या ताळेबंदात या भांडवलाची नोंद कोठेही सापडणार नाही.

निमंत्रणाची पद्धत मुळातच लबाडीची आहे, असे मात्र नाही. गूगल कंपनीची जीमेल ही टपालसेवा २००४ साली निमंत्रणानेच सुरू झाली आणि २००७ पर्यंत तशीच चालली. यंत्रसामग्री मर्यादित होती, चुका थोड्या लोकांत सापडाव्यात हा हेतू होता, आणि त्यात उत्सुकता वाढवण्याची चतुराईही होती. पण तेथे निमंत्रण देणाऱ्याला काही मिळत नव्हते आणि घेणाऱ्याला काही द्यावे लागत नव्हते. मुख्य म्हणजे, एकाची पत्रे पोहोचावीत म्हणून दुसऱ्याने पैसे आणून ओतण्याची गरज नव्हती. चलनांच्या बाजारात निमंत्रकाला निमंत्रिताच्या प्रत्येक व्यवहाराच्या शुल्कातून वाटा देण्याची प्रथा आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. साडूला वाटा मिळतो तो शेतकऱ्याला नफा झाला म्हणून नव्हे, त्याने व्यवहार केला म्हणून. शेतकरी बुडाला तरी बुडेपर्यंत जितक्या वेळा खरेदी-विक्री करेल तितक्या वेळा साडूच्या खात्यात पैसे पडतील. नात्यातल्या दोन माणसांचे हितसंबंध इतक्या सफाईने एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे काम पूर्वीच्या सावकारालाही जमले नव्हते. सावकार निदान परका होता.

येथपर्यंत केवळ लोभाची गोष्ट झाली. याच वाटेने चार पावले पुढे गेले की फसवणुकीची हद्द लागते, आणि ती कोठे लागते हे निमंत्रिताला कळण्याचे कोणतेही साधन नसते. महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण ‘गेनबिटकॉइन’चे आहे. अमित भारद्वाज आणि त्याच्या साथीदारांनी २०१५ च्या सुमारास ही योजना सुरू केली. सभासदाने बाहेरून बिटकॉइन विकत घेऊन ते योजनेत गुंतवायचे. दूरच्या यंत्रांवर नवे बिटकॉइन ‘खणून’ त्याला दरमहा १० टक्के, असे १८ महिने परत मिळणार, म्हणजे १०० ला १८० मिळणार, असे आश्वासन होते. आणि नवा सभासद आणणाऱ्याला त्यावर दलाली.

या आश्वासनाचा हिशेब त्याच वेळी करता आला असता. जुलै २०१६ नंतर साऱ्या जगात मिळून दर दहा मिनिटांना साडेबारा, म्हणजे दिवसाला सुमारे १,८०० नवे बिटकॉइन निर्माण होत होते. जगातील एकूण साठा त्यामुळे वर्षाकाठी जेमतेम ४ टक्क्यांनी वाढत होता. ज्या वस्तूचा जगातला साठा वर्षाला ४ टक्के वाढतो, तीच वस्तू पुण्यातला एक एजंट महिन्याला १० टक्के वाढवून द्यायला निघाला होता. मग परतावा येत होता तो कोठून? अर्थातच नव्या निमंत्रितांच्या पैशातून. २०१७ मध्ये नव्यांची आवक मंदावली आणि योजनेने बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच नाणे सभासदांच्या माथी मारले, ज्याची किंमत त्याच्या कितीतरी पटीने कमी होती. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे नोंदवले गेले आणि भारद्वाजला अटक झाली; तो पुढे जामिनावर सुटला आणि जानेवारी २०२२ मध्ये मरण पावला. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार गोळा झालेल्या बिटकॉइनची २०१७ मधील किंमत ६,६०० कोटी रुपयांच्या घरात होती. याच प्रकरणाच्या तपासात पोलिसांना तांत्रिक साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या दोघांनाच, त्यांत एक माजी पोलिस अधिकारी, जप्त आभासी चलन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने दिल्ली-पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूर येथेही झडत्या घेतल्या. हे लोण महानगरांपुरते नव्हते, हे नांदेडचे नाव सांगते.

अशा साखळीचे अंकगणित प्राथमिक शाळेतले आहे. एकाने दोघांना आणायचे, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना. विसाव्या पायरीपर्यंत सभासद होतात २०,९७,१५१. पुढच्या एका पायरीला तितकेच आणि वर एक इतके नवे लोक हवेत. बुलढाणा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या, पाळण्यातली बाळे धरून, २५,८६,२५८ आहे. म्हणजे एकविसाव्या पायरीला जिल्हा संपतो. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. साखळी कोणत्याही पायरीवर तुटो, शेवटच्या रांगेतल्यांची संख्या वरच्या सगळ्यांच्या बेरजेहून एकने जास्तच असते. ‘काही लोकांचे नुकसान होईल’ असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. अर्ध्याहून अधिक लोकांचे नुकसान हा त्या रचनेचा नियम आहे. आणि शेवटच्या रांगेत कोण असतो? ज्याच्यापर्यंत बातमी सर्वांत उशिरा पोहोचते तो. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून चिखली-मेहकरला, तेथून साखरखेर्ड्याला आणि साखरखेर्ड्याहून आसपासच्या वस्त्यांवर आवतण जाते. ग्रामीण भाग या रांगेत नेहमी शेवटी उभा असतो.

मग लोक जातात कशाला, असा प्रश्न शहरी वाचक विचारील. त्याचे उत्तर केवळ ‘हाव’ असे देणे हे आळशीपणाचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील माणसाने पैसा ठेवण्याच्या ज्या अधिकृत जागा होत्या त्यांचे काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे. २०१४ साली परवाना नसलेल्या ज्या २३ जिल्हा सहकारी बँकांसाठी केंद्र सरकारला मदतीची योजना आखावी लागली, त्यांत महाराष्ट्रातील तीन होत्या : नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीदारांना ठेवविम्यातून ५ लाखांपर्यंतची भरपाई मिळण्याची सोय होती, हे खरे. परंतु बँकेच्या दारावरची नोटीस वाचून परतलेल्या माणसाच्या मनात ‘मग मोबाइलमध्येच का ठेवू नये?’ हा प्रश्न उभा राहिला तर त्याला दोष कसा द्यायचा? अधिकृत दार बंद झाले की माणूस मागच्या दाराने जातो, आणि मागच्या दाराशी साडू उभा असतो.

सहकाराचा येथे आणखी एका कारणाने विचार केला पाहिजे. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी जे दुकान काढले, त्यातून जगभरच्या सहकारी चळवळीची तत्त्वे आकाराला आली आणि त्यांतले पहिले तत्त्व खुल्या सभासदत्वाचे आहे. जो गरजू आहे आणि नियम पाळायला तयार आहे, त्याला दार उघडे. निमंत्रितांचा बाजार या तत्त्वाच्या नेमका उलट उभा आहे. पण आपल्याकडच्या सहकारी संस्थांनी हे तत्त्व पाळले काय? गावोगावच्या सोसायट्यांत कुळांना, भूमिहीनांना, दलितांना सभासद करून घेताना किती अर्ज ‘गहाळ’ झाले, कर्ज कोणाच्या शिफारशीने मंजूर झाले, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. संचालकाच्या ओळखीशिवाय आत शिरता येत नाही अशी सोसायटीदेखील निमंत्रितांचाच बाजार होय. तिच्या पाटीवर तसे लिहिलेले नसते एवढेच. तेथे ज्याला कधी आवतण आले नाही, त्याला मोबाइलवरचे आवतण आयुष्यातला पहिला मान वाटतो. या मानाची किंमत ज्यांना समजत नाही त्यांनी फसवल्या गेलेल्यांना हसू नये.

सरकारची भूमिका या सगळ्यात चमत्कारिक आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका चलनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याची मुभा नाही. जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का कर मुळातच कापला जातो. मार्च २०२३ पासून अशा बाजारांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली नोंदणी आणि ग्राहकांची ओळखपडताळणी सक्तीची झाली. हे सारे सरकारच्या स्वतःच्या संरक्षणाचे झाले. ग्राहकाचे संरक्षण कोठे आहे? गल्ल्यात हात घालणाऱ्या सरकारने दुकानाचे वजनकाटे तपासायला माणूस नेमलेला नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातील मोठ्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी चलने चोरीला गेली. तेथे साखळीयोजनेचा आरोप नव्हता. बाजार सरळ होता, तरी ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले आणि त्यांचे किती मिळणार याचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात झाला. ठेवविमा नाही, गाऱ्हाणे ऐकायला लोकपाल नाही. साडूने कोड देताना यातले काही सांगितले नव्हते, कारण त्यालाही ते कोणी सांगितले नव्हते.

कायदा अगदीच नाही असे नाही. जनता सरकारच्या काळात, १९७८ साली, बक्षीस चिट्ठ्या आणि पैसा-फिरवणूक योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. सभासद भरतीवर अवलंबून असलेली झटपट कमाई हीच त्याने गुन्ह्याची खूण ठरवली. ती खूण आजही अचूक आहे. पण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. आणि १९८२ मध्ये कलकत्त्याच्या संचयिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या व्याख्येचा इतका काटेकोर अर्थ लावला की, भरमसाट व्याजाचे आमिष दाखवणारी ती पेढी त्या कायद्याच्या बाहेर राहिली. महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ चा, केंद्राचा अनियंत्रित ठेवींवरील बंदीचा कायदा २०१९ चा. दोन्ही कायद्यांचा सांगाडा ‘ठेव’ या कल्पनेवर उभा आहे. शेतकऱ्याने रुपये देऊन आधी नाणे घेतले आणि मग ते नाणे योजनेला दिले, तर ती पैशाची ठेव झाली की नाही, यावर वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आभासी चलन ही मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. तथापि मागणी याहून साधी करता येईल. ज्या बाजारात लोकांचा पैसा धोक्यात असतो, तेथे माणूस आणण्याबद्दल कोणत्याही रूपाने मोबदला देण्यास बंदी असावी. निमंत्रण द्यायचे असेल तर जीमेलसारखे फुकट द्यावे. दलाली काढून घेतली की किती बाजारांना निमंत्रणाचे महत्त्व वाटते, ते दिसेलच.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे दुरून पाहण्याचे दिवस गेले आहेत, आणि त्याला एक अप्रिय कारण आहे. साखळी चालवणाऱ्याला कोण हवा असतो? ज्याला गावात शंभर घरे ओळखतात, ज्याने कोणाच्या रेशनकार्डासाठी तहसीलवर खेटे घातले, पीकविम्याच्या मोर्चात जो पुढे होता. बचत गटाची अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, कामगार संघटनेचा चिटणीस, ही माणसे त्याच्या यादीत सर्वांत वर असतात. चळवळीत वर्षानुवर्षे झिजून मिळवलेली पत हीच नेमकी त्याला हवी असते, आणि ती मोजक्या कोडच्या बदल्यात हाती लागते. पत गेल्यावर तो कार्यकर्ता पुन्हा त्याच घरी सभासद-नोंदणीची पावती घेऊन जाऊ शकत नाही. निमंत्रणाचा एक परिणाम असा की, चळवळीचे नुकसान होते आणि ते कोणत्याही फिर्यादीत नोंदवले जात नाही.

फिर्यादी होतच नाहीत, हीसुद्धा या पद्धतीची करामत आहे. बँक बुडाली की ठेवीदार एकत्र येतात, समिती स्थापन होते, मोर्चा निघतो, कारण सर्वांचा देणेकरी एक असतो आणि तो परका असतो. येथे प्रत्येकाचा देणेकरी त्याचा स्वतःचा नातेवाईक आहे. शेतकऱ्याने पोलिसांत जायचे म्हणजे साडूचे नाव द्यायचे. साडूने जायचे तर आपण किती जणांना आणले आणि किती दलाली घेतली हे आधी सांगायचे. शेवटी बहिणी-बहिणींचे बोलणे बंद होते, दिवाळीचे माहेरपण बंद होते, आणि ज्याच्याकडे पैसा गेला त्याचे नाव गावात कोणाला ठाऊकही नसते.

ही कोंडी फोडता येते, पण त्यासाठी कोणीतरी बाहेरच्याने मध्ये पडावे लागते. मधल्या माणसाने घेतलेली दलाली आधी उघडपणे परत करायची, मग त्याने आणि त्याच्या निमंत्रितांनी मिळून एकच फिर्याद द्यायची, असा तोडगा गावात बसून काढता येईल. बुलढाण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत एकटा माणूस गेला तर त्याला ‘तुम्हीच तर पैसे पाठवलेत’ असे ऐकावे लागते. चाळीस जण पासबुके आणि मोबाइलमधल्या नोंदी घेऊन गेले तर ते ऐकवणे जड जाते. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात कळवले पाहिजे, कारण रुपये नाण्यात बदलण्यापूर्वी बँकेतच अडवता येतात. नंतर ते अडवणे फार कठीण. आणि कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर असा कोड येऊन पडला असेल, तर तो पुढे पाठवण्यापूर्वी त्याने पाठवणाऱ्याला एवढेच विचारावे की, मी आलो तर तुम्हाला किती मिळणार आहे?